पॅक्ड डेसिमल ते झोन्ड डेसिमल: १०० नीट येतात, ५०० चे २६० होतात

इंद्रायणी

नमस्कार मंडळी. इथे मेनफ्रेमवाले बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारते.

मी पुण्यात एका अमेरिकन विमा कंपनीच्या डेटा मायग्रेशनवर आहे. मेनफ्रेमवरची पॉलिसी फाइल लिनक्सवर आणून डेटाबेसमध्ये भरायची आहे. माझं सगळं काम लिनक्सच्या बाजूचं. कोबोल वाचता येतं, पण त्यात कधी काम केलेलं नाही.

कॉपीबुकमध्ये (रेकॉर्डमधल्या फील्डांची कोबोलमधली व्याख्या) प्रीमियमचं फील्ड असं आहे: पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३. कॉम्प-३ म्हणजे पॅक्ड: ९ अंक, शेवटचे दोन दशांशाचे, जागा ५ बाइट. आमचा लोडर हे पाच बाइट पॅक्ड म्हणून वाचतो. क्लायंटच्या रिपोर्टशी ताडून पाहिलं तर असं दिसतंय:

१००.०० चे १००.०० च येतात.
५००.०० चे २६०.०० होतात.
१२३.४५ चे १२९.४२ होतात.
वजा १२३.४५ असेल तर लोडर रेकॉर्ड नाकारतो.
२५०.०० असेल तर रेकॉर्ड मध्येच तुटतं आणि पुढची सगळी फील्डं सरकतात.

लोडरचं लॉजिक आम्ही तिघांनी वेगवेगळं तपासलं, त्यात काही सापडत नाही. क्लायंटची टीम म्हणते की आमच्याकडे आकडे बरोबर आहेत. टीममधल्या एकाचं म्हणणं, पॅक्डचं झोन्ड करून मागवा, प्रश्न सुटेल. हे बरोबर आहे का? आणि ते रूपांतर कुठल्या बाजूला करायचं?

---

निबल

फाइल कशी आणता? एफटीपीने असेल तर टेक्स्ट मोड की बायनरी? आणि १२३.४५ वाल्या रेकॉर्डचे ते पाच बाइट हेक्समध्ये इथे टाका. तुमच्याकडे आल्यानंतरचे.

---

इंद्रायणी

टेक्स्ट मोड. सुरुवातीला बायनरी करून पाहिलं होतं, पण नावं-पत्ते वाचताच येत नव्हते, म्हणून टेक्स्टवर गेलो. टेक्स्टमध्ये नावं स्वच्छ येतात.

१२३.४५ चे बाइट: ००-००-१२-९४-२ए

---

जुना_सिस्प्रोग

इंद्रायणीताई, तुमचा लोडर बरोबर आहे आणि क्लायंटचे आकडेही बरोबर आहेत. बिघाड वाटेत झालाय. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर मायग्रेशनला कोणाला ना कोणाला पडतोच.

आधी दोन्ही फॉरमॅट. बाइटचे दोन अर्धे, चार-चार बिटांचे निबल. हेक्समध्ये एका निबलला एक खूण, ० ते ९ किंवा ए ते एफ. झोन्डमध्ये एका बाइटला एकच अंक: उजव्या निबलमध्ये अंक आणि डाव्या निबलमध्ये झोन. ईबीसीडीआयसीमध्ये (मेनफ्रेमचा अक्षरांचा तक्ता, लिनक्सकडे त्याच्या जागी आस्की) अंकांचा झोन एफ, म्हणून १२३४५ ही चिन्ह नसलेली संख्या एफ१-एफ२-एफ३-एफ४-एफ५ अशी बसते आणि स्क्रीनवर सरळ १२३४५ दिसते. चिन्ह असेल तर ते शेवटच्या बाइटच्या झोनमध्ये जातं. अधिकला सी, वजाला डी.

पॅक्डमध्ये हे झोन टाकून देतात. एका बाइटमध्ये दोन अंक आणि अगदी शेवटच्या निबलमध्ये चिन्ह. १२३४५ अधिक म्हणजे १२-३४-५सी, वजा म्हणजे १२-३४-५डी. अंकांची संख्या निम्मी करा, अपूर्णांक सोडा, त्यात एक मिळवा, तितके बाइट. ९ अंकांना ५ बाइट. दशांश चिन्ह फाइलमध्ये कुठेही नसतं. ते फक्त कॉपीबुकमधल्या त्या 'व्ही'त असतं.

म्हणजे तुमचे १२३.४५ मेनफ्रेमवर असे होते: ००-००-१२-३४-५सी. तुमच्याकडे आले ००-००-१२-९४-२ए. आता फरक बघा.

टेक्स्ट मोडमध्ये एफटीपी प्रत्येक बाइटला अक्षर समजून ईबीसीडीआयसीमधून आस्कीत नेतं. ५सी म्हणजे ईबीसीडीआयसीमधला तारा. आस्कीत तारा २ए ला असतो, झाला २ए. ३४ हे एक कंट्रोल कॅरेक्टर, ०३७ कोडपेजच्या (ईबीसीडीआयसीचा अमेरिकन प्रकार) तक्त्याप्रमाणे ते ९४ ला जातं. १२ दोन्हीकडे १२ च. एफटीपीने त्याचं काम चोख केलं, पण ज्याला अक्षर समजून बदललं ते अक्षर नव्हतंच.

आणि आता खरी गोम. पॅक्डमध्ये अधिक चिन्ह म्हणून फक्त सी चालतं असं नाही. ए, सी, ई, एफ हे चारही अधिक मानले जातात, बी आणि डी वजा. सी आणि डी हे नेहमीचे, बाकीचे कायदेशीर. त्यामुळे २ए मधला ए तुमच्या लोडरला वैध अधिक चिन्ह वाटला आणि १२९.४२ ही संपूर्ण वैध संख्या तयार झाली. वजा १२३.४५ मध्ये शेवटचा बाइट ५डी, म्हणजे उजवा कंस, आस्कीत २९. चिन्हाच्या जागी ९ आला, तो अवैध, म्हणून रेकॉर्ड नाकारलं गेलं.

५००.०० म्हणजे ००-००-५०-००-०सी. ५० हा अँपरसँड, आस्कीत २६. झाले २६०.००. बाकी बाइट जसेच्या तसे.

१००.०० म्हणजे ००-००-१०-००-०सी. हे पाचही बाइट दोन्ही तक्त्यांत एकाच जागी आहेत, म्हणून सुखरूप आले.

२५०.०० म्हणजे ००-००-२५-००-०सी. ईबीसीडीआयसीमध्ये २५ म्हणजे लाइन फीड. आस्कीत ०ए, आणि लिनक्सवर तिथे ओळ संपते. तुमचं रेकॉर्ड तिथेच तुटलं.

पाचही लक्षणं एकाच कारणाची आहेत. नाकारलेल्या रेकॉर्डची काळजी कमी करा. जी नाकारली गेली नाहीत त्यांची करा.

---

इंद्रायणी

सिस्प्रोग काका, खूप खूप आभार. पाचही उदाहरणं तक्ता उघडून स्वतः पडताळली, तंतोतंत जुळतात.

आता जास्त भीती वाटतेय, कारण या फाइलचा पहिला लॉट चाचणीत पास झाला होता.

---

बिनचूक

मी टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून तो तक्ता घेऊन फक्त शेवटचा बाइट तपासला. ०३७ धरून, अधिक संख्यांचं असं होतं:

०सी आणि १सी बदलत नाहीत.
२सी चा ८सी होतो, म्हणजे शेवटचा २ मुकाट्याने ८ होतो.
४सी चा ३सी होतो, ४ चा ३.
५सी चा २ए, ५ चा २.
३, ६, ७, ८ आणि ९ ने संपणाऱ्या संख्या पकडल्या जातात, कारण चिन्ह किंवा अंक अवैध होतो.

वजा संख्यांत ०डी आणि १डी तसेच राहतात. पण ६डी बघा: तो अंडरस्कोअर आहे, आस्कीत ५एफ. एफ हे वैध अधिक चिन्ह. म्हणजे ६ ने संपणारी वजा रक्कम ५ ने संपणारी अधिक रक्कम होऊन आत येते. परतावा दिलेला प्रीमियम जमा झालेला दिसेल, आणि कुठलाही एरर येणार नाही.

इंद्रायणी, तुमचा पहिला लॉट पास झाला तो बहुधा चाचणीचा डेटा गोल आकड्यांचा असल्यामुळे. १००, ११०, १०००, ११०० हे सगळे सुरक्षित बाइट आहेत. हाताने चाचणीचा डेटा बनवणारा माणूस हेच आकडे टाकतो. पॅक्ड फील्ड असलेल्या प्रत्येक इंटरफेसच्या चाचणीत मी ५००.००, २५०.००, १२३.४५ आणि शेवटी ६ असलेली एक वजा रक्कम हे चार आकडे सक्तीने ठेवावेत असं म्हणेन. शिवाय दोन्ही बाजूंची बेरीज. रेकॉर्डची संख्या जुळली म्हणजे काही सिद्ध होत नाही. रकमेची बेरीज जुळली पाहिजे, आणि वजा रकमांची वेगळी.

---

निबल

वरच्या यादीला +१. आमच्या टीमच्या चेकलिस्टमध्ये हे चार आकडे आजच टाकले.

आता मूळ प्रश्न: झोन्ड करून मागवलं तर सुटेल का? अर्धवट. पॅक्ड १२-३४-५सी ला असेंब्लरच्या अनपॅकने उलगडलं तर एफ१-एफ२-एफ३-एफ४-सी५ मिळतं. कोबोलमध्ये कॉम्प-३ फील्ड चिन्हवाल्या डिस्प्ले (म्हणजे झोन्ड) फील्डमध्ये मूव्ह केलं तरी तेच. आता सगळे बाइट खरोखरची अक्षरं आहेत, त्यामुळे टेक्स्ट ट्रान्सफरमध्ये काही बिघडणार नाही. पण सी५ म्हणजे इंग्रजी 'ई' हे अक्षर. तुमच्याकडे येईल "१२३४ई". वजा असेल तर डी५, म्हणजे 'एन', "१२३४एन". शून्याने संपणाऱ्यांना महिरपी कंस येतो: अधिकला उघडणारा, वजाला मिटणारा.

म्हणजे लोडरला शेवटच्या अक्षराचा तक्ता द्यावा लागेल. ए ते आय म्हणजे अधिक १ ते ९, जे ते आर म्हणजे वजा १ ते ९. दहा मिनिटांचं काम, पण कोणीतरी ते लिहून ठेवलं पाहिजे. नाहीतर पुढचा माणूस "आकड्यात अक्षरं आलीत, कचरा आहे" म्हणून ती साफ करून टाकतो. हे होताना पाहिलंय.

---

माइनकर

फ्रँकफर्टहून लिहितोय. निबल यांनी महिरपी कंसाचं सांगितलं त्यात एक भर. ते कंस सी० आणि डी० ला आहेत हे अमेरिकन ०३७ मध्ये खरं. जर्मन कोडपेज २७३ मध्ये सी० ला दोन टिंबांचा 'ए' आहे आणि डी० ला दोन टिंबांचा 'यू'. इथल्या फाइलींमध्ये शून्याने संपणाऱ्या वजा रकमांच्या शेवटी जर्मन स्वर दिसतो. नवीन मुलं विचारतात की रकमेत कोणाचं आडनाव मिसळलं का. ज्या कोडपेजने फाइल आस्कीत आली त्याच कोडपेजचा तक्ता लोडरमध्ये हवा.

म्हणून माझा आग्रह असा की झोन्डवर थांबू नका. मेनफ्रेमवरच चिन्ह वेगळं काढून घ्या. कोबोलमध्ये साइन इज लीडिंग सेपरेट कॅरेक्टर म्हटलं की अधिक-वजाचं स्वतंत्र अक्षर मिळतं, एक बाइट जास्त जातो आणि कोडपेजची कटकट संपते. अधिक, वजा आणि ० ते ९ यांच्या जागा या सगळ्या कोडपेजमध्ये सारख्याच आहेत.

---

सायली_त

मी या क्षेत्रात नाही, बँकेत आहे, पण वाचतेय. एक शंका. एवढा त्रास होतो तर हा पॅक्ड प्रकार ठेवलाच का? साधी संख्या का नाही ठेवत?

---

जुना_सिस्प्रोग

सायलीताई, तुम्ही बँकेत आहात म्हणून तुम्हाला हे लगेच पटेल. ०.१० ही रक्कम बायनरी फ्लोटिंग पॉइंटमध्ये अचूक मांडताच येत नाही, जशी एक तृतीयांश दशांशात येत नाही. एका व्यवहारात तो फरक दिसत नाही. लाखो खात्यांवर रोज व्याज काढलं की पैशा-पैशाने खातेवही हलते. पॅक्डमध्ये दहा पैसे म्हणजे दहा पैसेच.

आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केलं ७ एप्रिल १९६४ ला. त्यातल्या मॉडेल ३० ची मेमरी ८ केपासून सुरू व्हायची. तिथे ९ बाइटच्या जागी ५ बाइट लागणं ही मोठी गोष्ट होती. शिवाय पॅक्डवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार थेट करणाऱ्या सूचना हार्डवेअरमध्येच होत्या आणि अजून आहेत. ०.१० साठी कुठलंही रूपांतर लागत नाही.

झोन्ड आलं पंच कार्डावरून. कार्डाच्या एका उभ्या रांगेत अंकाचं एक भोक, आणि त्याच रांगेत वर दुसरं भोक पाडलं की चिन्ह. बाराव्या ओळीतलं भोक अधिक, अकराव्या ओळीतलं वजा. बारा आणि पाच मिळून 'ई' हे अक्षर, अकरा आणि पाच मिळून 'एन'. वर निबलने सांगितलेली "१२३४एन" ही थेट कार्डावरून आलेली आहे. चिन्हासाठी वेगळी रांग खर्च करायची नाही, कारण कार्डावर रांगाच ८०.

म्हणून रचना अशी झाली: बाहेरून आत येताना आणि आतून बाहेर जाताना झोन्ड, हिशोब करताना आणि साठवताना पॅक्ड. पॅक ही सूचना झोन्डचं पॅक्ड करते, अनपॅक उलटं. पॅक काय करतं? शेवटच्या बाइटचे दोन निबल आलटून-पालटून ठेवतं आणि बाकी बाइटांचे फक्त उजवे निबल उचलून जोडतं. बस. आत अंक आहे की कचरा, हे बघत नाही. एका बाइटवरच पॅक चालवलं तर त्याचे निबल उलटतात, एवढंच.

याचा असेंब्लरवाल्यांनी सुंदर उपयोग करून घेतला. कुठलीही मेमरी हेक्समध्ये छापायची असेल तर तिला अनपॅक करायचं. प्रत्येक निबल सुटा होऊन एफच्या मागे बसतो, एफ० पासून एफएफ पर्यंत. मग ट्रान्सलेट सूचनेने एफए ते एफएफ यांना ए ते एफ अक्षरं द्यायची. शेवटच्या बाइटची अदलाबदल आड येऊ नये म्हणून एक बाइट जास्तीचा घ्यायचा आणि तो फेकायचा. संख्येसाठी केलेली सूचना, पण तिने डंप वाचायला दिला. मला आजही हे अतिशय देखणं वाटतं.

हा प्रकार मागे पडला असंही समजू नका. २०१७ च्या आयबीएमच्या झेड१४ मेनफ्रेममध्ये पॅक्ड डेसिमलसाठी व्हेक्टर सूचना आल्या, त्यात झोन्ड-पॅक्ड रूपांतराच्याही आहेत. नवा कंपायलर आणि योग्य आर्क पर्याय वापरला की कोबोलचा जुना प्रोग्राम त्या आपोआप वापरतो.

---

बंगळूरी_भाऊ

मला मेनफ्रेमच्या बाजूला रूपांतर करण्याचा सल्ला पटत नाही. आम्ही फाइल पूर्ण बायनरी मोडमध्ये आणतो आणि स्पार्कवर (मोठा डेटा हाताळणारी प्रणाली) कोब्रिक्स या लायब्ररीने वाचतो. ते कॉपीबुक वाचतं, प्रत्येक फील्डचा प्रकार ओळखतं, मजकूर आस्कीत नेतं आणि कॉम्प-३ ला डेसिमल करतं. क्लायंटला मेनफ्रेमवर नवीन जॉब टाकायला सांगितलं की बदलाची परवानगी, सीपीयूचा खर्च, रात्रीच्या बॅचमध्ये जागा, यात महिने जातात. मूळ फाइल हातात राहते हा आणखी एक फायदा. उद्या शंका आली तर मूळ बाइट बघता येतात.

इंद्रायणी, तुम्ही बायनरी सोडून द्यायला नको होतं. नावं वाचता येत नव्हती कारण ती ईबीसीडीआयसीत होती, एवढंच. मजकुराच्या फील्डांपुरतं रूपांतर तुमच्या बाजूला केलं की झालं.

---

माइनकर

भाऊ, एकच कॉपीबुक, एकाच प्रकारचं रेकॉर्ड असेल तर मान्य. पण विमा कंपन्यांच्या फाइली क्वचितच तशा असतात. त्याच बाइटांवर रीडिफाइन्स असतो: पॉलिसीचा प्रकार एक असेल तर इथे कॉम्प-३ रक्कम, दोन असेल तर त्याच जागी मजकूर. ऑकर्स डिपेंडिंग ऑन (किती वेळा येईल हे रेकॉर्डगणिक बदलणारा भाग) असेल तर पुढची सगळी फील्डं सरकतात. कुठल्या वेळी कुठला अर्थ हे कॉपीबुकमध्ये नसतं, प्रोग्रामच्या आत असतं. ते ज्यांना माहीत आहे ती माणसं मेनफ्रेमच्या बाजूला बसतात. म्हणून मी म्हणतो, अर्थ जिथे माहीत आहे तिथेच रूपांतर करा.

मेनफ्रेमवरच्या डीएफसॉर्ट या सॉर्ट युटिलिटीला यासाठी फार काही लागत नाही. आउटरेकमध्ये सुरुवातीची जागा, लांबी ५, प्रकार पीडी (पॅक्ड डेसिमल) आणि एडिटचा साचा: एस, सहा आय, एक टी, टिंब, दोन टी. साइन्समध्ये अधिक-वजा. अकरा अक्षरांची वाचता येणारी रक्कम निघते. नवा कोबोल प्रोग्राम लागत नाही.

---

बंगळूरी_भाऊ

रीडिफाइन्सचं खरं आहे. कोब्रिक्सला रेकॉर्ड प्रकारानुसार कुठला भाग वाचायचा हे सांगता येतं, पण ते आधी कोणीतरी आपल्याला सांगावं लागतं. तिथे आमचेही आठवडे गेले आहेत.

माझा मुद्दा इतकाच की मूळ बायनरी प्रत जपून ठेवा, मग रूपांतर कुठेही करा.

---

जुना_सिस्प्रोग

दोघांचं बरोबर आहे आणि दोघांत एक गोष्ट समान आहे, ती इंद्रायणीताईंनी धरून ठेवावी. पाच बाइटांकडे बघून ते पॅक्ड आहेत, मजकूर आहे की बायनरी पूर्णांक आहे हे कोणालाही सांगता येत नाही. ५सी म्हणजे तारा की शेवटचा ५ आणि अधिक चिन्ह, हे फक्त कॉपीबुक सांगतं. म्हणून संपूर्ण फाइलवर एकदम चालणारं कुठलंही रूपांतर पॅक्ड फील्डला लावायचं नाही. फील्ड बघून, एकेक. हे मेनफ्रेमवर करा किंवा लिनक्सवर, पण कॅरेक्टर बदलण्याच्या आधी करा.

तुमच्या जागी मी असतो तर: साधी फाइल असेल तर बायनरीने आणा. रीडिफाइन्स असतील तर डीएफसॉर्टची मागणी करा. आणि आत्तापर्यंत टेक्स्ट मोडने आलेलं सगळं फेकून पुन्हा मागवा. २ए वरून मूळ ५सी परत काढता येईल असं वाटेल, पण ०ए च्या जागी तुटलेल्या ओळी खात्रीने जोडता येत नाहीत.

---

तुंगभद्रा

मीही याच कामात, पण उलट दिशेने: लिनक्सवरून मेनफ्रेमला फाइल पाठवते. आमच्या जॉबला सारखा सॉक-सेव्हन (जॉब पाडणारी एस०सी७ ही चूक) यायचा. कारण इथे शोभेल म्हणून लिहिते.

रकमेचं फील्ड चार अक्षरांचं झोन्ड. आम्ही १२३ डावीकडे सरकवून शेवटी मोकळी जागा सोडून पाठवत होतो. ईबीसीडीआयसीत मोकळी जागा ४०. म्हणजे एफ१-एफ२-एफ३-४०. काकांनी सांगितलेलं पॅक इथे लावा: शेवटचा बाइट उलटून ०४ झाला, बाकीचे उजवे निबल जोडले, मिळालं ०१-२३-०४. चिन्हाच्या जागी ४. पॅकने काही तक्रार केली नाही. पुढे बेरजेच्या सूचनेने ते उचललं तेव्हा डेटा एक्सेप्शन, इंटरप्शन कोड ७, जॉब आडवा.

तीच मोकळी जागा पुढे असती, ४०-एफ१-एफ२-एफ३, तर ००-१२-३एफ झालं असतं, म्हणजे अचूक १२३. मोकळ्या जागेचा उजवा निबल ० असल्यामुळे पुढची मोकळी जागा पॅकला शून्यच वाटते. म्हणून कित्येक वर्षं चाललेला इंटरफेस कोणीतरी संख्या डावीकडे सरकवली की त्या दिवशी पडतो.

आता आम्ही पुढे शून्यं भरून पाठवतो. आणि मेनफ्रेमच्या टीमने वापरण्याआधी कोबोलच्या इफ न्यूमेरिकची (फील्डमध्ये संख्याच आहे ना) तपासणी टाकली. कंपायलरचा नमचेक पर्यायही त्यांनी चाचणीच्या बिल्डमध्ये चालू केला, त्यात नेमकं कुठलं फील्ड खराब आहे ते कळतं.

---

निबल

छान लिहिलंत. इफ न्यूमेरिकबद्दल एक सांगतो: त्याचं उत्तर कंपायलरच्या नमप्रॉक पर्यायावर अवलंबून असतं. नमप्रॉक पीएफडी असेल तर चिन्हवाल्या फील्डमध्ये फक्त सी आणि डी चालतात. नोपीएफडी असेल तर सहसा एफही चालतो. बाहेरून आलेल्या फाइलीत अधिक संख्या एफ घेऊन येतात. पीएफडीवर बांधलेला प्रोग्राम त्यांना सरळ नाकारतो.

आणि सी विरुद्ध एफचा सगळ्यात वाईट अनुभव व्हीसॅममध्ये, म्हणजे कीने रेकॉर्ड शोधायच्या मेनफ्रेमच्या फाइलींत, येतो. की पॅक्ड असेल तर व्हीसॅम ती बाइट म्हणून ताडतं, संख्या म्हणून नाही. फाइलीत की १२-३४-५सी आहे आणि तुम्ही १२-३४-५एफ घेऊन शोधलंत तर स्टेटस २३, रेकॉर्ड नाही. डिस्प्ले केलं तर दोन्हीकडे १२३४५ दिसतं आणि माणूस चक्रावतो. अशा वेळी डिस्प्लेवर विसंबू नका, आयएसपीएफमध्ये (मेनफ्रेमचा एडिटर) हेक्स ऑन करा. तिथे बाइट उभा दिसतो, वरच्या ओळीत १ ३ ५ आणि खालच्या ओळीत २ ४ सी किंवा २ ४ एफ. शेवटचा खालचा निबल बघितला की विषय संपला.

---

इंद्रायणी

सगळ्यांचे आभार. घडामोडी सांगते. क्लायंटशी बोलले, फाइलीत तीन रीडिफाइन्स निघाले, म्हणून डीएफसॉर्टचा मार्ग धरला. रकमा आता चिन्हासह अकरा अक्षरांच्या येतात. बंगळूरी भाऊंचं ऐकून मूळ फाइलीची बायनरी प्रतही वेगळी ठेवली. बिनचूक यांचे चारही आकडे बरोबर आले आणि अधिक-वजा दोन्ही बेरजा क्लायंटच्या रिपोर्टशी जुळल्या.

दोन गोष्टी उरल्या. एक, तारखेचं फील्ड एस९(७) कॉम्प-३ आहे आणि त्यात १२४०११५ असं काहीतरी येतं. दोन, काही जुन्या पॉलिसींच्या रकमेचे पाचही बाइट ०० आहेत. डीएफसॉर्ट त्याचे काय करतं याची मला खात्री वाटत नाही.

---

जुना_सिस्प्रोग

तारीख सोपी. पहिला अंक शतक: ० म्हणजे १९००, १ म्हणजे २०००. पुढे वर्ष, महिना, दिवस. १२४०११५ म्हणजे १५ जानेवारी २०२४. हे २००० सालच्या कामाचं आहे. आधी तारीख सहा अंकी होती, वर्षाचे दोनच अंक. सहा अंकांना पॅक्डमध्ये चार बाइट लागतात आणि सगळ्यात डावीकडचा एक निबल रिकामा राहतो. त्या निबलमध्ये शतक बसवलं की फाइलीची लांबी न बदलता तारीख दुरुस्त होते. जुन्या नोंदींत तो निबल आधीच ०, म्हणजे आपोआप १९००. फाइलीतल्या कोट्यवधी नोंदी हलवाव्या लागल्या नाहीत. त्या काळात भारतातल्या कितीतरी मुलांनी हेच काम करून कोबोल शिकलं, मीही त्यांतलाच.

पाचही बाइट ०० म्हणजे लो-व्हॅल्यूज. ते शून्य नाही. शून्य म्हणजे ००-००-००-००-०सी. ०० मध्ये चिन्हाच्या जागी ०, तो अवैध. त्या फील्डमध्ये कोणी कधी काही लिहिलंच नाही, असा त्याचा अर्थ. डीएफसॉर्टने काय छापलं त्यावर सोडू नका. पीडी म्हणून वाचण्याआधी डीएफसॉर्टच्या इफदेन या अटीने शेवटचा बाइट ०० आहे का ते तपासा आणि तिथे रकमेच्या जागी अकरा मोकळ्या जागा लिहा. तुमच्या बाजूला त्याचं नल करा.

---

बिनचूक

आणि पाच बाइट ४० असतील तेही त्याच अटीत घ्या. रेकॉर्ड मोकळ्या जागांनी भरून मग फील्डं टाकणारे प्रोग्राम खूप आहेत. नल किती आले याची संख्या क्लायंटला लेखी कळवा. त्यांतल्या कोणत्या पॉलिसींना खरोखर शून्य प्रीमियम होता हे त्यांच्या हिशोब खात्यालाच ठरवू द्या.

---

इंद्रायणी

इफदेन टाकला. ४० वालीही काही निघाली. दोन्हींची यादी पॉलिसी क्रमांकासह क्लायंटला पाठवली आहे.